हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: आधी तिथी पाहावी, मग निघावे

मराठवाड्यातून हरिहरेश्वरला जाणाऱ्यांनी गाडी ठरवण्याआधी पंचांग उघडावे, कारण देवळामागील प्रदक्षिणेची वाट समुद्रकाठच्या खडकांवरून जाते आणि भरतीच्या वेळी तेथे लाटा आदळत असतात. जायकवाडीतून पाणी सोडायचे असले की गोदाकाठच्या गावांना आधी इशारा मिळतो. येथे समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि त्याची दवंडी कोणी पिटत नाही.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, आणि तिच्यापासून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, षष्ठी ते दशमी या तिथींना ओहोटी साडेदहा ते दीडच्या दरम्यान पडते, म्हणून लांबून येणाऱ्यांना त्या सोयीच्या. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात खडक अधिक उघडे पडतात खरे, परंतु ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीच्या सुमारास येते व पाणी झपाट्याने परतते. हा हिशेब अंदाजापुरताच धरावा. नेमकी वेळ देवळात किंवा गावातल्या कोळ्यांना विचारूनच खाली उतरावे. पावसाळ्यात तर ही वाट धरूच नये.

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असा रस्ता आहे. रेल्वेने आल्यास माणगाव स्थानक सोयीचे.

दर्शनाचा क्रम ठरलेला आहे: प्रथम काळभैरव, मग हरिहरेश्वर. त्यानंतर पायऱ्यांनी चढून डोंगराच्या अरुंद खिंडीतून खाली उतरले की समोर एकदम समुद्र येतो. येथील खडकांतल्या खळग्यांना तीर्थांची नावे आहेत. विष्णुपदाला भाविक विष्णूच्या पावलाची खूण मानतात. वेरूळ पाहिलेल्या माणसाने या भिंतींपाशी मुद्दाम थांबावे. दगड तोच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट. तेथे त्यावर छिन्नी चालली, येथे मीठ चालले. लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण सुटत जाऊन मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. ही जाळी मला कोणत्याही कोरीव खांबाइतकीच देखणी वाटते.

ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरावे, म्हणजे पाणी मागे सरत असतानाच फेरी पुरी होते. शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवू नये, पकड असलेली पादत्राणे घालावीत, आणि छायाचित्रासाठी समुद्राकडे पाठ करून तर मुळीच उभे राहू नये. कोरड्या दिसणाऱ्या खडकावरूनही लाटेने माणसे ओढून नेली आहेत. ओहोटीला अवकाश असेल तर सुमारे २० किलोमीटरवरचे श्रीवर्धन, म्हणजे पेशवे बाळाजी विश्वनाथांचे मूळ गाव, तेवढ्या वेळात पाहून येता येते.