सोनारच्या नोंदींपासून बुडालेल्या जहाजाची त्रिमितीय प्रतिकृती

पाण्यात प्रकाश फार लांब जात नाही आणि गढूळ पाण्यात तर हातभर अंतरावरचेही दिसत नाही. म्हणून बुडालेले जहाज, पुलाचा पाया किंवा तळावरची नळवाहिनी यांचा आकार जाणून घ्यायचा असेल, तर ध्वनीचाच आधार घ्यावा लागतो. सोनारने, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राने, टिपलेल्या लाखो प्रतिध्वनींपासून संगणकावर वस्तूची त्रिमितीय प्रतिकृती कशी उभी करावी, हे येथे एका उदाहरणाच्या साहाय्याने सांगितले आहे. सुमारे २० मीटर खोल पाण्यात ६० मीटर लांबीचे एक जहाज तळावर उभे बसले आहे आणि मल्टिबीम सोनार लावलेली बोट त्यावरून व त्याच्या दोन्ही बाजूंनी अनेकदा फिरवली आहे, असे समजू. साधने सगळी मुक्त-स्रोत आहेत : मूळ नोंदींसाठी एमबी-सिस्टिम, बिंदूंवरील कामासाठी क्लाउडकम्पेअर, मेशच्या, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने बनलेल्या पृष्ठभागाच्या, डागडुजीसाठी मेशलॅब आणि अखेरच्या मांडणीसाठी ब्लेंडर. स्वतःजवळ नोंदी नसतील, तर अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या खुल्या संग्रहात मल्टिबीमच्या मूळ फाइली सरावासाठी विनामूल्य मिळतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. सॉफ्टवेअरला पृष्ठभाग मागितला की ते तो देतेच, मग ध्वनी तिथपर्यंत पोहोचलेला असो वा नसो. मोजलेला भाग कोणता आणि सॉफ्टवेअरने भरून काढलेला कोणता, हे शेवटपर्यंत वेगळे सांगता आले पाहिजे. पुढच्या बहुतेक सूचना त्यासाठीच आहेत.

नोंदी कोणत्या सोनारच्या आहेत, हे पहिल्यांदा पाहावे. साइड-स्कॅन, म्हणजे दोन्ही बाजूंना ध्वनी सोडून तळाचे चित्र काढणाऱ्या, सोनारच्या चित्रात जहाजाचा कठडा आणि तुटलेली डोलकाठी इतकी रेखीव दिसते, की त्यावरूनच प्रतिकृती करण्याचा मोह होतो; परंतु ते चित्र म्हणजे परत आलेल्या ध्वनीच्या तीव्रतेची नोंद असते, त्यात प्रत्येक बिंदूची खोली नसते. चित्रातल्या उजळ-काळ्या छटांना उंची मानून ब्लेंडरमध्ये पृष्ठभाग वर-खाली करणे ही मूलभूत चूक आहे, कारण कठीण आणि खडबडीत तळ उजळ उमटतो व मऊ चिखल काळसर उमटतो, आणि या फरकाचा उंचीशी काहीही संबंध नाही. साइड-स्कॅनमधून खरी उंची मिळते ती सावलीवरून. सावलीची लांबी आणि सोनारची तळापासूनची उंची यांचा गुणाकार करून त्याला सोनारपासून सावलीच्या टोकापर्यंतच्या तिरप्या अंतराने भागावे : सोनार तळापासून १० मीटर वर असेल, सावली १५ मीटर असेल आणि तिचे टोक ५० मीटरवर असेल, तर वस्तूची उंची ३ मीटर येते. पुढे मल्टिबीमची प्रतिकृती तयार झाल्यावर ती ताडून पाहण्यासाठी हा आकडा फार उपयोगी पडतो.

मल्टिबीम सोनार मात्र प्रत्येक पिंगबरोबर, म्हणजे सोडलेल्या प्रत्येक ध्वनिस्पंदाबरोबर, शेकडो बीममध्ये, म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या अरुंद झोतांत, प्रतिध्वनी ऐकतो आणि प्रत्येक बीमचा कोन व लागलेला वेळ यांवरून बिंदूचे स्थान ठरवतो. त्यातून किती बारकावा मिळेल, याचा हिशेब काम सुरू करण्यापूर्वीच करावा. बीमची रुंदी १ अंश असेल, तर २० मीटर खोलीवर थेट खाली त्याचा ठसा, म्हणजे तळावर त्याने व्यापलेला भाग, सुमारे ३५ सेंटिमीटरचा पडतो. पण तोच बीम ६० अंश तिरपा गेला, तर सपाट तळावर आडव्या दिशेने तो ठसा सुमारे चौपट, म्हणजे १.४ मीटर होतो. हाताच्या जाडीचा कठडा अशा नोंदींतून कोरीव निघेल, अशी अपेक्षा धरू नये. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ या मानकातील विशेष श्रेणी १ मीटरहून मोठ्या घनाकार वस्तू सापडल्याच पाहिजेत असे सांगते. मात्र वस्तू सापडणे वेगळे आणि तिचा आकार कळणे वेगळे, आणि नौकानयनाच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या सर्वेक्षणाच्या नोंदी हाती आल्या असतील तर हा भेद विसरता कामा नये.

मूळ नोंदी दुरुस्त करणे

बिंदू हातात घेण्याआधी तीन दुरुस्त्या तपासाव्या लागतात. पहिली ध्वनिवेगाची. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर असतो, पण तापमान, क्षारता आणि दाब यांनुसार तो थरागणिक बदलतो आणि तिरपे बीम प्रत्येक थरात थोडे वाकतात. चुकीचा वेग वापरला गेला असेल, तर एका फेरीत मोजलेल्या सपाट तळावरच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर वळलेल्या किंवा खाली झुकलेल्या दिसतात. असे दिसल्यास कडेचे बिंदू हाताने पुसत बसू नये. त्या वेळेचा योग्य ध्वनिवेग-आलेख लावून नोंदींवर पुन्हा प्रक्रिया करावी. दुसरी दुरुस्ती भरती-ओहोटीची आहे, आणि ती चुकली तर वेगवेगळ्या वेळी केलेल्या फेऱ्या एकमेकींवर पायरीसारख्या बसतात. तिसरी सोनारच्या बसवणीच्या कोनांची. बोटीच्या डुलण्याच्या दिशेत, म्हणजे रोलमध्ये, केवळ अर्ध्या अंशाची चूक राहिली, तरी ३५ मीटर बाजूला असलेला बिंदू सुमारे ३० सेंटिमीटर वर किंवा खाली सरकतो. विरुद्ध दिशांनी केलेल्या दोन फेऱ्यांचा आडवा छेद घेऊन पाहिला, की दोन रेषा कात्रीसारख्या एकमेकींना छेदतात आणि ही चूक लगेच उघडी पडते. या तिन्ही दुरुस्त्या होईपर्यंत पुढे जाऊ नये, कारण एकाच कठड्याच्या दोन प्रतिमा तयार झाल्या असतील, तर नंतरचे कोणतेही फिल्टर त्या एकत्र आणू शकत नाही.

त्यानंतर साफसफाई. एमबी-सिस्टिममधील एमबीएडिटविझ हा संपादक अनेक फेऱ्यांचे बिंदू एकत्र, तिन्ही मितींत फिरवून दाखवतो. त्यात बिंदू पुसले जात नाहीत, त्यांवर नाकारल्याची खूण होते आणि ती वेगळ्या फाइलीत साठवली जाते, त्यामुळे निर्णय बदलता येतो. या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्वयंचलित फिल्टर हे सपाट तळासाठी घडवलेले असतात. शेजाऱ्यांपेक्षा फार वर असलेला बिंदू त्यांना चूकच वाटतो आणि त्यामुळे डोलकाठीचे टोक, क्रेनचा हात किंवा अडकलेले जाळे तळावरच्या माशांच्या थव्याबरोबरच उडून जाते. जहाजाभोवतालच्या तळासाठी असे फिल्टर खुशाल वापरावेत, पण जहाजावर प्रत्येक वेगळा पडलेला बिंदू स्वतः पाहावा. निकष साधा आहे : तोच उंचवटा दुसऱ्या फेरीत, दुसऱ्या दिशेने येतानाही त्याच जागी दिसत असेल, तर तो बहुधा खरा आहे, एकाच फेरीत दिसून नाहीसा होत असेल, तर तो मासा, बुडबुडे किंवा दुहेरी परावर्तन असू शकते.

येथून थेट ग्रिड, म्हणजे समान चौकटींची जाळी, करण्याची सवय अनेकांना असते, आणि तळाच्या नकाशासाठी ती योग्यही आहे. वस्तूसाठी मात्र ग्रिड टाळावे. ग्रिडच्या प्रत्येक चौकटीत एकच खोली मावते. त्यामुळे बाहेर झुकलेला नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, भाग, त्याखालची पोकळी आणि उभी भिंत हे सगळे एका उताराच्या पडद्याखाली झाकले जाते. म्हणून एमबीलिस्ट या आदेशाने सुटे बिंदूच बाहेर काढावेत. त्या वेळी सर्व बीम मागणारा पर्याय देण्यास विसरू नये, नाहीतर प्रत्येक पिंगचा फक्त मधला बीम मिळतो. रेखांश-अक्षांश अंशांत असतील, तर ते यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या मीटरमध्ये बदलून घ्यावेत आणि खोलीचे चिन्ह तपासावे. खोली धन राहिली, तर जहाज उलटे होऊन खड्ड्यासारखे दिसते.

बिंदूंपासून मेशकडे

क्लाउडकम्पेअरमध्ये फाइल उघडताना मोठे निर्देशांक सरकवण्याविषयी विचारणा होते. ती स्वीकारावी आणि सरकवलेले आकडे लिहून ठेवावेत. ३२ बिटांच्या आकड्यात सुमारे सातच अंक नेमके राहतात. उत्तरेचा निर्देशांक ३० लाख मीटर असेल, तर दोन शेजारच्या मूल्यांमधील अंतर पाव मीटर पडते आणि जहाजाच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. मग कात्रीच्या साधनाने जहाज भोवतालच्या तळापासून वेगळे करावे, मात्र चहूबाजूंनी काही मीटर तळ सोबत ठेवावा. त्यावर एसओआर हे सांख्यिकी फिल्टर सौम्यपणे, म्हणजे सिग्माचा (प्रमाण विचलनाचा) गुणक २ ते ३ ठेवून चालवावे. १ ठेवल्यास विरळ पण खरे बिंदूही जातात.

पुढचा टप्पा नॉर्मलचा, आणि बहुतेक फसलेल्या प्रतिकृती याच ठिकाणी फसलेल्या असतात. प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभागाचे तोंड कोणीकडे आहे, हे सांगणारी लंबदिशा म्हणजे नॉर्मल. सर्व नॉर्मल वरच्या दिशेला करण्याचा पर्याय तळासाठी आणि डेकसाठी उत्तम चालतो, पण जहाजाच्या उभ्या बाजूला वर आणि खाली या शब्दांना अर्थच उरत नाही, त्यामुळे तिथले निम्मे नॉर्मल आत आणि निम्मे बाहेर होऊन बसतात. त्यासाठी जहाज फिरवून त्याची लांबी वाय अक्षावर आणि नाळ धन दिशेला आणावी, बिंदूंचे डेक, डावी बाजू आणि उजवी बाजू असे तीन तुकडे करावेत, आणि नॉर्मल काढताना डेकला धन झेड, उजव्या बाजूला धन एक्स व डाव्या बाजूला ऋण एक्स ही दिशा द्यावी. नंतर तुकडे पुन्हा जोडावेत. काम थोडे वाढते, पण निकाल खात्रीचा मिळतो. फिरवण्याचे मॅट्रिक्स, म्हणजे ते फिरवणे नोंदवणारा आकड्यांचा तक्ता, जपून ठेवावे, म्हणजे शेवटी जहाज मूळ जागी नेता येते.

मेशसाठी पॉइसन पद्धत वापरावी. मायकेल कझदान, मॅथ्यू बोलिथो आणि ह्यूग हॉप यांनी २००६ मध्ये मांडलेली ही पद्धत क्लाउडकम्पेअरमध्ये प्लगइनच्या रूपात आहे. तिच्यातील ऑक्ट्री खोली हा आकडा, म्हणजे वस्तूभोवतीच्या पेटीचे किती वेळा निम्मे-निम्मे भाग करायचे ते, काळजीपूर्वक ठरवावा. खोली ८ म्हणजे प्रत्येक बाजूला २५६ भाग. ६० मीटरच्या जहाजाभोवतीची पेटी सुमारे ६६ मीटरची धरली, तर एक भाग २६ सेंटिमीटरचा होतो, आणि ३५ सेंटिमीटरच्या ठशासाठी तेवढे पुरेसे आहे. खोली १० केल्यास भाग साडेसहा सेंटिमीटरचे होतात, पण वाढलेला तो बारकावा जहाजाचा नसून मोजणीतल्या गोंधळाचा असतो, आणि पत्र्यावर गंजाचे फोड आल्यासारखा पृष्ठभाग दिसतो.

पॉइसन पद्धत बंद पृष्ठभाग बनवू पाहते, आणि सुरुवातीला दिलेला इशारा येथे प्रत्यक्षात येतो : झुकलेल्या नाळेखाली, मालाच्या उघड्या कोठारात, चिखलात रुतलेल्या बुडाशी ती फुग्यासारखा गुळगुळीत पडदा ताणून देते. म्हणून मेश बनवताना घनता साठवण्याचा पर्याय सुरू ठेवावा. त्यामुळे मेशच्या प्रत्येक बिंदूपाशी किती मोजलेल्या बिंदूंचा आधार आहे, हे रंगातून दिसते. घनतेची खालची मर्यादा हळूहळू वाढवत जावे आणि निराधार पडदे गळून पडले, पण डेकला भोके पडू लागली नाहीत, अशा जागी थांबावे. उरलेली भोके तशीच ठेवावीत, असे माझे मत आहे. छपाईसाठी ती बुजवणे भागच असेल, तर मेशलॅबमध्ये बुजवावीत आणि बुजवलेल्या भागाला वेगळा रंग द्यावा.

आता पडताळणी. मूळ बिंदूंचे मेशपासूनचे अंतर क्लाउडकम्पेअरमध्ये काढावे. बहुतेक अंतरे ठशाच्या निम्म्याहून कमी आणि दोन्ही बाजूंना सारखी विखुरलेली असावीत. कठड्यापाशी किंवा डोलकाठीपाशी मोठ्या अंतरांचा पट्टा दिसला, तर मेशने तो भाग गुळगुळीत करून खाल्ला आहे. डोलकाठीसारखे बारीक भाग मेशमध्ये बसवण्याचा हट्ट सोडून ते बिंदूंच्याच रूपात प्रतिकृतीसोबत ठेवणे अधिक प्रामाणिक ठरते. साइड-स्कॅनच्या सावलीवरून काढलेली उंचीही याच वेळी ताडून पाहावी.

ब्लेंडरमध्ये नेताना ओबीजे फाइलीत अक्षांची अदलाबदल होऊन जहाज आडवे पडू शकते, तेव्हा आयात करताना झेड अक्ष वर ठेवावा. तळाच्या नकाशात उंची वाढवून दाखवण्याचा प्रघात असला, तरी वस्तूच्या प्रतिकृतीत तिन्ही अक्षांचे प्रमाण एकच असावे. संकेतस्थळासाठी जीएलबी आणि छपाईसाठी एसटीएल ही स्वरूपे चालतात. एसटीएलमध्ये एकक आणि रंग दोन्ही साठवले जात नाहीत, त्यामुळे प्रमाण फाइलीच्या नावातच लिहावे. मेशसोबत साफ केलेले बिंदू, निर्देशांकांची सरकवणी, फिरवण्याचे मॅट्रिक्स, ऑक्ट्री खोली आणि घनतेची मर्यादा हेही एकाच फोल्डरमध्ये ठेवावे. पुढच्या वर्षी त्याच जहाजावर पुन्हा सोनार फिरला, तर नव्या बिंदूंना तीच सरकवणी व तेच मॅट्रिक्स लावून, क्लाउडकम्पेअरमधील एम३सी२ या साधनाने जुन्या बिंदूंशी तुलना करता येते आणि डेक किती खचला, गाळ किती साचला, हे थेट सेंटिमीटरमध्ये वाचता येते.