शोधनिबंध आपला, नोंद दुसऱ्याच्या खात्यावर: प्रकाशनांच्या नोंदीतील या चुका टाळा

पदोन्नतीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की आमच्या ग्रंथालयात एक दृश्य हमखास दिसते. वीस-बावीस वर्षे प्रयोगशाळेत काढलेले प्राध्यापक संगणकासमोर बसतात, स्वतःचे नाव टाकतात आणि समोर आलेला आकडा पाहून विचारतात, "बस, एवढेच?" अशा वेळी शेजारी खुर्ची ओढून बसणे हे माझे काम आहे. बहुतेकदा निबंध कमी लिहिलेले नसतात. ते दोन-तीन नावांखाली विखुरलेले असतात आणि या विखुरण्याची सुरुवात निबंध पाठवताना घाईघाईने भरलेल्या अर्जातच झालेली असते.

नावाची भानगड

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेपासून आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहिण्याची सवय लागलेली असते. नियतकालिकाच्या संकेतस्थळावरील अर्जात मात्र पहिल्या चौकटीत स्वतःचे नाव आणि शेवटच्या चौकटीत आडनाव अपेक्षित असते. सवयीने तीन शब्द त्याच क्रमाने भरले गेले की वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसते. एका संशोधिकेचे रक्तविकारांवरील तीन निबंध असेच कित्येक वर्षे "रामभाऊ, एस." या नावाखाली पडून होते, काम मुलीने केले आणि सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत त्या कामाचे दिलेले संदर्भ, वडिलांच्या नावावर जमा होत राहिले. प्रूफ तपासताना सहसा तक्त्यांतील आकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले जातात, पण लेखकाच्या नावाच्या ओळीवरून नजर तशीच पुढे सरकते, म्हणून ही चूक शेवटपर्यंत टिकते.

दुसरी अडचण रोमन अक्षरांची आहे. वानखडे आणि वानखेडे, ठाकरे आणि ठाकरेमधला मधला "ए" गाळलेले रूप, सुरुवातीला "व्ही" की "डब्ल्यू", चौधरीचे चार-पाच प्रकार: विदर्भातील आडनावांची ही रूपे मराठी वाचणाऱ्याला एकच वाटतात, पण माहितीकोशाच्या, म्हणजे निबंधांच्या संगणकीय सूचीच्या, दृष्टीने ती वेगवेगळी माणसे ठरू शकतात. त्यात विवाहानंतर बदललेले आडनाव आले तर पीएच.डी.पर्यंतचे काम एका व्यक्तीचे आणि पुढचे दुसरीचे दिसते. पहिला निबंध ज्या रूपात छापून आला, तेच रूप पुढे कायम ठेवावे, मग पॅनकार्डावर काहीही असो.

विखुरण्याचा परिणाम आकड्यावर कसा होतो, हे एका हिशेबाने पाहू. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेला एच-इंडेक्स म्हणजे अशी सर्वांत मोठी संख्या, की तितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन मिळालेली आहेत. उदाहरणादाखल एका संशोधकाच्या दहा निबंधांना अनुक्रमे 64, 31, 22, 15, 9, 8, 6, 4, 2 आणि 0 सायटेशन आहेत असे धरू. सहाव्या निबंधाला 8 आहेत, सातव्याला 6 आहेत, म्हणून एच-इंडेक्स 6. आता हेच निबंध एकाआड एक दोन प्रोफाइलांत वाटले गेले, तर एकीत 64, 22, 9, 6, 2 आणि दुसरीत 31, 15, 8, 4, 0 असे उरते, आणि दोन्हीकडे एच-इंडेक्स 4 दिसतो. अर्जात 4 लिहिणारा स्वतःचे नुकसान करतो, आणि दोन्ही प्रोफाइल आपल्याच आहेत म्हणून 4 अधिक 4 बरोबर 8 लिहिणारा नकळत खोटे लिहितो. एकूण सायटेशनची बेरीज करता येते, एच-इंडेक्सची येत नाही. आधी प्रोफाइल एकत्र करून घ्यावी आणि मगच आकडा उतरवावा. स्कोपस या निबंध आणि सायटेशनच्या माहितीकोशात लेखकाला अशी विनंती करण्याची सोय आहे, पण ती मंजूर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात ती करून फारसा उपयोग होत नाही.

संस्थेचे नाव अर्धवट लिहू नका

नागपुरात "मेडिकल" म्हटले की रिक्षावाल्यालाही मेडिकल चौक कळतो आणि "मेयो" म्हटले की इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. निबंधात मात्र नुसते "शासकीय वैद्यकीय महाविद्यालय" असे लिहून शहराचे नाव गाळले, तर ते अकोल्याचे, चंद्रपूरचे, मिरजेचे की नागपूरचे हे संगणकाने कशावरून ठरवावे? एम्सचे तर त्याहून अवघड आहे. नागपूरचे एम्स 2018 मध्ये सुरू झाले, दिल्लीचे 1956 पासूनचे; शहराचे नाव न लिहिता संस्थेचे पूर्ण नाव दिले की निबंध दिल्लीच्या खात्यात जाण्याची दाट शक्यता असते.

विद्यापीठाचीही तीच कथा. 1923 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला 2005 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. जुने निबंध जुन्या नावाने असणारच, त्यात चूक नाही. परंतु नव्या निबंधांत कुणी पूर्ण नाव, कुणी आद्याक्षरे, तर कुणी अजूनही जुनेच नाव लिहितो. नीरीचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, जन्म 1958 मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून झाला आणि 1974 मध्ये सध्याचे नाव आले, त्यामुळे तिथल्या जुन्या पिढीचे पाणी आणि आरोग्य या विषयांवरील काम शोधताना दोन्ही नावे टाकावी लागतात. प्रत्येक विभागाने संस्थेचे नाव इंग्रजीत नेमके कसे लिहायचे, ती एक ओळ ठरवून फळ्यावर लावावी. हा उपाय फुकट आहे, आणि तरीही फार थोड्या ठिकाणी केलेला मी पाहिला आहे.

ऑर्किड काढले, पण बंद कपाटात

ऑर्किड हा 2012 मध्ये सुरू झालेला, संशोधकाचा सोळा चिन्हांचा ओळख क्रमांक आहे आणि नावांचा वरचा सगळा गोंधळ टाळण्यासाठीच तो निघाला. त्याच्याबाबत तीन चुका वारंवार दिसतात. फक्त संस्थेचा ईमेल देऊन खाते उघडलेले असते आणि बदली किंवा निवृत्तीनंतर तो ईमेल बंद पडल्यावर खात्यात शिरताच येत नाही. मग नवे खाते काढले जाते आणि एका माणसाचे दोन क्रमांक होतात. अशी दुबार नोंद काढून टाकण्याची सोय खात्याच्या सेटिंगमध्येच आहे. तिसरी चूक सर्वांत साधी: नोंदी सगळ्या भरलेल्या, पण त्या फक्त स्वतःला दिसतील असे ठेवलेले, त्यामुळे छाननी समितीला पान कोरे दिसते. अर्ज देण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडून आपले पान एकदा परक्याच्या नजरेने पाहावे.

गुगल स्कॉलर या गुगलच्या निबंध-शोधमंचावर उलटा आजार असतो. तिथे निबंध हरवण्याऐवजी वाढतात. प्रोफाइल आपोआप भरण्याची मुभा दिलेली असली, तर त्याच आद्याक्षराच्या आणि आडनावाच्या दुसऱ्या माणसाचे काम आपल्या यादीत येऊन बसते, आणि पेशीशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नावावर सिमेंटच्या मजबुतीवरचा निबंध झळकतो. "मी टाकला नाही, तो आपोआप आला" हे उत्तर समितीपुढे चालत नाही, आणि चालूही नये. नवा निबंध जोडण्यापूर्वी ईमेलने विचारावे, असा पर्याय निवडावा. एकाच निबंधाची प्रीप्रिंट (छापण्याआधी खुली केलेली प्रत) आणि छापील आवृत्ती वेगवेगळी दिसत असेल, तर दोन्हींवर खूण करून त्या एकत्र कराव्यात.

"पबमेडमध्ये आहे" म्हणजे नेमके काय?

आरोग्यविज्ञानाच्या अर्जांत सर्वाधिक ढिसाळपणे वापरला जाणारा शब्दप्रयोग हा असावा. पबमेड हा वैद्यकीय निबंधांचा मोठा शोधमंच आहे. त्यात मेडलाइन या पारखून केलेल्या सूचीत निवडलेल्या नियतकालिकांच्या नोंदी असतात, तशाच पबमेड सेंट्रल या संग्रहातील निबंधांच्याही असतात. अमेरिकेतील सरकारी निधीवर झालेल्या कामाची प्रत त्या संग्रहात ठेवावी लागते, त्यामुळे निवड न झालेल्या नियतकालिकातील एखादा निबंधही पबमेडमध्ये सापडतो. तो एक निबंध दाखवून संपूर्ण नियतकालिक "पबमेड इंडेक्स्ड" असल्याचे सांगितले जाते आणि आपण विश्वास ठेवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीत त्या नियतकालिकाचे नाव टाकल्यास, सध्या मेडलाइनसाठी त्याची नोंद होते की नाही, हे स्पष्ट लिहिलेले असते. स्कोपसबाबत आणखी एक पायरी आहे: तिथे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत नोंद झाली, हे पाहावे लागते, कारण नियतकालिके वगळलीही जातात.

इम्पॅक्ट फॅक्टरचे, म्हणजे नियतकालिकातील निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात या आकड्याचेही असेच आहे. खरा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी प्रसिद्ध करत असलेल्या अहवालात असतो आणि 2023 पासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत छापला जातो. आज कुणी "ग्लोबल" किंवा "सायंटिफिक" असे विशेषण लावून तीन दशांश स्थळांचा आकडा रंगीत प्रमाणपत्रावर देत असेल, तर ते प्रमाणपत्र अर्जाला जोडू नये. शिवाय तो आकडा नियतकालिकाचा आहे, आपल्या निबंधाचा नव्हे. आपल्या सगळ्या निबंधांचे इम्पॅक्ट फॅक्टर बेरीज करून लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, तिला काहीही अर्थ नाही.

आकड्यांची तुलना

सिकलसेलवर काम करणारी वैद्यक आणि कापूस संशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ यांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवून कुणी काही ठरवत असेल, तर तो आंबट-गोडाची वजनाने तुलना करतो आहे. प्रत्येक विषयात निबंध किती लिहिले जातात आणि एकेका निबंधाखाली किती संदर्भ दिले जातात, यावर सायटेशन अवलंबून असतात. निबंधाच्या प्रकाराचाही मोठा भाग आहे. जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेली, प्रथिने मोजण्याची लॉरी पद्धत 1951 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या निबंधाची सायटेशन तीन लाखांच्या वर गेली, कारण ती वापरणारा प्रत्येकजण तिचा उल्लेख करतो. याउलट कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी पटकीच्या जंतूचे विष शोधून काढल्याचा निबंध 1959 मध्ये 'नेचर'मध्ये छापला, आणि त्याकडे बराच काळ फारसे कुणी वळून पाहिले नाही. डे 1985 मध्ये वारले. पुढच्या वर्षी सायटेशन मोजण्याच्या शास्त्राचे जनक युजीन गारफिल्ड यांनीच या कामाच्या उशिरा झालेल्या कदरीवर सविस्तर लिहिले.

"जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत नागपूरचे इतके" अशी बातमी दरवर्षी येते, तीही जपून वाचावी. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून तयार करतात. तो स्टॅनफर्डचा पुरस्कार नाही. त्यात दोन तक्ते असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि दुसरा एकाच वर्षाचा, आणि आपले नाव कोणत्या तक्त्यात आहे, हे अर्जात लिहिणे भाग आहे. स्वतःची सायटेशन वगळल्यावर क्रम कुठे जातो, हेही त्याच तक्त्यात दिलेले असते. तो स्तंभ बातमीत कधी आलेला आठवत नाही.

छापल्यानंतर सदोष ठरून मागे घेतलेल्या निबंधांचे भान मात्र सर्वांनीच ठेवावे. कोविडच्या काळात हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरील 'लॅन्सेट'मधील निबंध 22 मे 2020 रोजी आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला, म्हणजे दोन आठवडेही टिकला नाही. आपल्या संदर्भयादीतील प्रत्येक निबंध पाठवण्याच्या आदल्या दिवशी एकदा उघडून पाहावा. मागे घेतल्याची सूचना त्याच्या पानावर असते.

अर्जात एच-इंडेक्स लिहिताना शेजारी माहितीकोशाचे नाव आणि पाहिल्याची तारीख लिहावी. गुगल स्कॉलरचा आकडा स्कोपसपेक्षा सहसा मोठाच येतो, कारण तिथे प्रबंध, पुस्तके आणि परिषदांचे वृत्तांतही मोजले जातात. एका अर्जात एका पानावर गुगल स्कॉलरचा 19 आणि तिसऱ्या पानावर स्कोपसचा 12, दोन्हींपुढे नुसते "एच-इंडेक्स", असे मी पाहिले आहे. छाननीच्या दिवशी त्या प्राध्यापकांना दोन्ही आकडे खरे असल्याचे पटवून देण्यात पाऊण तास गेला.