फोन कानाला लावायच्या आधी रेंज बघा

अंबाजोगाईत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन, बॅटरी, चार्जिंगची पिन ही रोजची कामं. पण काम झालं, पैसे दिले, की जाता जाता गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काय ओ, ह्याच्या रेडिएशननं कॅन्सर होतो म्हणतेत, खरं हाय का?" आणि मग मागे चिकटवायचं ते सोनेरी स्टिकर मागतं, रेडिएशन शोषून घेणारं. मी ते विकायला ठेवत नाही. त्यानं लहरी अडत नसतील तर पैसे वाया. खरंच अडत असतील तर त्याहून वाईट, कारण टॉवरपर्यंत पोचायला फोन आपला जोर वाढवतो.

आधी भीतीचं बघू. फोन, वायफाय, ब्लूटूथ सगळं रेडिओ लहरींवर चालतं. एक्स-रेसारखी पेशीतला डीएनए तोडायची ताकद या लहरींत नसते. जोर फार वाढला तर अंग थोडं तापतं, एवढा परिणाम पक्का माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2011 साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्या, तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरतोय. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. पुढं 2024 मध्ये त्याच संघटनेनं करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, घाबरू नका, पण फुकटात अंतर ठेवता येत असेल तर ठेवा.

आता रेंजचं. फोर-जी फोन जास्तीत जास्त साधारण 0.2 वॅट जोरानं लहरी सोडतो. टॉवर जवळ असला की तोच फोन जोर शेकडो पटींनी कमी करतो. कमी रेंजमध्ये मात्र तो नाल्यापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखा ओरडत राहतो. बॅटरी भराभर उतरते, फोन गरम होतो, तेही ह्याच्यामुळंच.

आपल्याकडची घरं यात भर घालतात. जुनं माळवदाचं घर असलं की वर मातीचा जाड थर आणि बाजूला हातभर रुंदीच्या भिंती. नवं असलं तर पत्रा, आणि पत्रा लहरी परतवून लावतो. आत बसून एकच दांडी दिसत असेल तर उठा, ओसरीवर या, नाहीतर अंगणात. घरात वायफाय असेल तर सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कॉलिंग चालू करा. राउटरला उगाच घाबरतात लोक. तो कोपऱ्यात लांब असतो आणि जोरही साधारण 0.1 वॅट. धारूरच्या घाटात एसटीत बसलात तर बोलायचं टाळा. वर लोखंडी डबा, बाहेर डोंगर, फोन नुसता टॉवर शोधत राहतो. खिशात ठेवायचा तर तेवढा वेळ फ्लाइट मोडवर टाका.

लांबलचक बोलणं असेल तर स्पीकर लावा किंवा वायरचा इयरफोन. दिवाळीनंतर आमच्या भागातली निम्मी गावं ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या आज्या फडावरच्या कोपीतल्या लेकीशी तासतास फोन कानाला दाबून बोलतात. दोन्हीकडं रेंज बेताची. मी सांगतो, "मावशी, स्पीकर लावा, फोन बाजंवर ठेवा, लेकरंबी बोलतील." डोक्यापासून चार बोटं अंतर पडलं तरी अंगात जाणाऱ्या लहरी पुष्कळ कमी होतात. ब्लूटूथचा जोर तर बहुतेक वेळा 2-3 मिलिवॅट, त्याची काळजीच सोडा.

फोन घेताना एक तपासा. डायल करा स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश. बहुतेक फोनांत 'सार'चा (SAR) आकडा येतो, म्हणजे अंग किती लहरी शोषतं त्याचं माप. आपल्याकडं 1 सप्टेंबर 2012 पासून हद्द आहे अंगाच्या किलोला 1.6 वॅट. आकडा त्याच्या आत असला की झालं. 0.9 आणि 1.1 मध्ये डोकं घालू नका. आकडा फोन पूर्ण जोरात असतानाचा असतो, त्यामुळं भारी सारचा फोन फुल रेंजमध्ये कमी सारच्या फोनपेक्षा शांत राहू शकतो.

हृदयात पेसमेकर असेल तर मात्र गंमत नाही. बंडीच्या वरच्या खिशात फोन ठेवायचा नाही. पेसमेकरपासून 15 सेंटिमीटर अंतर हवं, बोलायचं दुसऱ्या बाजूच्या कानानं. नव्या फोनांत आणि इयरफोनच्या डबीत चुंबक असतात, तेही छातीला लावू नका.

एवढं सगळं रेडिएशनबद्दल विचारणारी माणसं दुकानातून बाहेर पडताच फोन कानाजवळ रुमालात खुपसतात आणि मोटरसायकल मारत लातूर रोडला लागतात! जीव जायचा तो तिथं. गाडी बाजूला घ्या, मग बोला. तसंच इयरफोनचं. मोठ्या माणसाच्या कानाला 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास, एवढंच झेपतं. आवाज वाढवाल तसे तास झपाट्यानं घटतात आणि एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. रात्री फोन उशाखाली घेऊ नका, त्यातून चार्जिंगला लावलेला तर मुळीच नाही. कापडाखाली उष्णता कोंडते आणि फुगलेल्या बॅटऱ्या मग माझ्याकडं येतात. देवळीत ठेवा. गजर तिथूनही ऐकू येतो. झोप बिघडते ती रात्री बारापर्यंत रील बघण्यानं. वर्षाच्या आतल्या लेकराला तर स्क्रीन दाखवूच नये, दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला तासाच्या वर नको.

राहिला टॉवर. ग्रामसभेत सगळ्यात मोठा आवाज होतो तो यावरूनच. ॲन्टेनाचा झोत मुख्यतः समोर, लांबवर जातो. बुंध्याशी लहरी उलट कमी असतात. आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा हिस्सा एवढीच परवानगी भारतात 2012 पासून आहे. टॉवर गावाबाहेर दूर हाकलला तर गावातला प्रत्येक फोन मात्र ओरडायला लागतो, तो कानाला लावूनच. तरी शंका असली तर भांडत बसू नका. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या वेबसाइटवर आपल्या भागातले टॉवर दिसतात, आणि ठरलेली फी भरून लहरी मोजून द्या असा अर्जही करता येतो. गच्चीवरच ॲन्टेना असेल तर टाकी धुताना किंवा पापड वाळत घालताना त्याच्या तोंडासमोर उभं राहू नका, आणि धोक्याच्या पाटीपलीकडं लेकरांना पतंगासाठी चढू देऊ नका.