मराठी माध्यमातील मूल अभ्यासात मागे पडते तेव्हा : बडोद्यातील पालक आणि शिक्षकांसाठी

बडोद्यातील मराठी शाळेत आठवीला असलेले मूल गणितात नापास होऊ लागले की घरात आणि शाळेत एकच उपाय सुचतो, तो म्हणजे शिकवणी. शिकवणीत त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणे सोडवून घेतली जातात आणि पुढच्या घटक चाचणीत, जिला आपल्याकडे सर्रास ‘एकम कसोटी’ म्हणतात, मूल पुन्हा तिथेच अडते. ज्याच्या घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी, रस्त्यावरची तिसरी आणि पुढच्या शिक्षणाची बहुधा चौथी, ते मूल नेमके कुठे अडले आहे हे पाहिल्याशिवाय सराव वाढवण्यात अर्थ नसतो. म्हणून पहिला आठवडा काहीही शिकवू नये, फक्त तपासावे.

तपासणीसाठी नफा-तोटा किंवा सरासरीचे एक सोपे शाब्दिक उदाहरण पुरते. आकडे बदलत ते चार दिवस चार रूपांत द्यावे. पहिल्या दिवशी शब्द काढून टाकून निव्वळ आकडेमोड द्यावी. दुसऱ्या दिवशी उदाहरण आपण मराठीत वाचून दाखवावे, तिसऱ्या दिवशी मुलाने ते स्वतः मोठ्याने वाचावे, आणि चौथ्या दिवशी तेच उदाहरण ते मूल बाजारात ज्या भाषेत बोलते त्या भाषेत, तोंडी विचारावे. आकडेमोडच चुकत असेल तर गणित खरोखर कच्चे आहे आणि चौथी-पाचवीच्या भागाकारापर्यंत मागे जाण्यावाचून इलाज नाही. ऐकून जमते पण वाचून जमत नाही, तर दुखणे वाचनाचे आहे. मराठीत जमत नाही आणि गुजरातीत तोंडी चटकन जमते, तर मुलाला गणित येते, फक्त गणिताचे मराठी शब्द येत नाहीत. या तिन्ही मुलांना आपण एकाच बाकावर बसवून ‘ढ’ म्हणतो. (ढ हे अक्षर ब्राह्मीपासून फारसे बदलले नाही म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला हे नाव पडले, असे सांगतात, शिरोरेषा सोडली तर गुजरातीतही ते तसेच आहे. मुलासमोर मात्र हा शब्द उच्चारू नये.)

तिसऱ्या प्रकारचे एक मूल माझ्या चांगले लक्षात आहे. वडिलांची भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, होती आणि संध्याकाळी तो तिथे बसत असे. ‘खरेदी किंमत ४० रुपये व विक्री किंमत ५० रुपये असल्यास शेकडा नफा काढा’ या ओळीकडे तो बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी त्याने दोन्ही आकड्यांची बेरीज केली. मी वही मिटली आणि विचारले, ‘टामेटां चाळीसनां लाव्यां ने पचासनां वेच्यां, तो केटला टका नफो?’ माझे वाक्य पुरे होते न होते तोच उत्तर आले : ‘पचीस.’ त्याच्या डोक्यात ‘वेचवुं’ म्हणजे विकणे होते, आणि मराठी पुस्तकातले ‘वेचणे’ म्हणजे गोळा करणे, जसे दाणे वेचणे. ‘विक्री’ हा शब्द त्याने वाचला होता, पण लारीवर रोज जे घडते त्याच्याशी तो जोडला गेला नव्हता. त्याला नफा-तोटा नव्याने शिकवण्याची गरजच नव्हती.

अशा मुलासाठी शब्दांची जोडवही हे सर्वांत उपयोगी साधन आहे, आणि ती मुलानेच लिहिली पाहिजे; छापील यादी हातात दिली तर ती दप्तरात पडून राहते. पानाचे तीन भाग करावेत : डावीकडे मराठी शब्द, मध्ये गुजराती शब्द आणि उजवीकडे मुलाने स्वतः रचलेले एक वाक्य किंवा काढलेले चित्र. बेरीज म्हणजे सरवाळो, वजाबाकी म्हणजे बादबाकी, सरासरी म्हणजे सरेराश, टक्के म्हणजे टका. गुणाकार, भागाकार, त्रिकोण, त्रिज्या, क्षेत्रफळ हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि तेही वहीत लिहून घ्यावेत, कारण आपल्याला निम्मे आधीच येते हे मुलाला डोळ्यांनी दिसणे महत्त्वाचे असते. आठवड्याला दहा-बारा शब्दांहून अधिक घेऊ नयेत.

जे शब्द दोन्ही भाषांत दिसतात पण अर्थ बदलतात, त्यांच्यासाठी वहीचे शेवटचे पान राखून ठेवावे आणि त्यांवर लाल खूण करावी. विज्ञानात हे शब्द फार घात करतात. मराठीत मूलद्रव्याचा लहानात लहान कण म्हणजे अणू आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू. गुजरातीत पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. म्हणजे आठवीपर्यंत मराठीतून पाठ केलेली अणूची व्याख्या मुलाने पुढे गुजराती माध्यमाच्या वर्गात सांगितली, तर ती शब्दशः चूक ठरते. पेशीचेही तसेच आहे : मराठीतली पेशी गुजरातीत ‘कोष’ होते, आणि गुजराती पुस्तकात ‘पेशी’ लिहिलेले असते तेव्हा ती मराठीतली ऊती असते. वस्तुमानाला गुजरातीत ‘दळ’ म्हणतात आणि त्वरणाला ‘प्रवेग’. चालीला ‘झडप’ म्हणतात, हे ऐकून मराठी मुलाच्या डोळ्यांसमोर मांजर उभे राहते. राहू द्यावे, शब्द त्यामुळेच लक्षात राहतो. महाराष्ट्रातील बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि समजावून सांगण्यासाठी ती चांगली आहेत, पण आपल्या मुलांची परीक्षा गुजरात मंडळाची असते, म्हणून उत्तरपत्रिकेत जायचा शब्द गुजरातच्या पुस्तकातलाच असावा आणि तो प्रत्येक वेळी त्या पुस्तकातूनच पडताळून घ्यावा.

शब्दांना शब्द लावण्याचे हे काम या शहराला नवे नाही. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९३१ साली येथूनच राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांमधील कोश निघाला होता. राज्यकर्त्यांची भाषा मराठी आणि प्रजेची बहुतांशी गुजराती, अशा दरबाराला जी अडचण सोडवावी लागली तीच उलट्या दिशेने आज आपल्या मुलांपुढे आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा प्रयोगही याच संस्थानाने आधी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि मग १९०६ मध्ये सर्व राज्यात केला.

दुखणे वाचनाचे असेल तर वही बाजूला ठेवावी. रोज पंधरा मिनिटे, शक्यतो जेवणाआधी, एकच उतारा तीन वेळा मोठ्याने वाचून घ्यावा : पहिल्यांदा आपण वाचावे, दुसऱ्यांदा दोघांनी बरोबर, तिसऱ्यांदा मुलाने एकट्याने. अडखळलेल्या जागी लगेच शब्द पुरवू नये. मनात पाचपर्यंत मोजावे. वाचून झाल्यावर प्रश्न न विचारता ‘आता हे आजीला सांग’ असे म्हणावे. खानदेशातून आलेल्या अनेक घरांत आजी अहिराणी बोलते, आणि मूल ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणत तोच उतारा सांगू लागते. ते सुधारत बसू नये. अर्थ पोहोचला की वाचन झाले; प्रमाण मराठी लिहिताना सुधारता येते. पाठ्यपुस्तकातील लांबलचक, भाषांतरित धाटणीच्या वाक्यांना मुले विशेष अडतात. अशा वाक्याचे पेन्सिलने तुकडे पाडून त्यातले क्रियापद आधी शोधायला शिकवावे.

गुजराती लिपीची भीती सहसा अवास्तव असते. ग, त, न, म, प, व, स ही अक्षरे शिरोरेषा काढली की जवळजवळ तशीच राहतात. अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब यांच्यावरच वेगळे कष्ट घ्यावे लागतात. एक सापळा मात्र आहे : गुजराती पाचाचा आकडा ‘प’सारखा आणि दोनाचा ‘र’सारखा दिसतो, त्यामुळे घाईत आकडा अक्षर म्हणून वाचला जातो. दुकानांच्या पाट्या आणि शहर बसच्या फलकांवर सराव करावा. २०२३ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सक्तीचे झाले आहे, तेव्हा शाळेत या विषयाचा तास नीट होतो की नाही, हे पालकांनी विचारायला हरकत नाही. तसेच महापालिकेच्या प्राथमिक शाळेत मराठी माध्यमाचा शिक्षक नसेल किंवा पुस्तके उशिरा आली असतील, तर ती बाब शाळा व्यवस्थापन समितीत लेखी मांडावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो, आणि अर्जात त्याचा उल्लेख केल्याने नुकसान होत नाही.

दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात. गुजरात मंडळात गणित बेसिक आणि स्टँडर्ड अशा दोन पातळ्यांवर देता येते. कच्च्या मुलाला बेसिक सोयीचे पडते, परंतु पुढे विज्ञान शाखेत जायचे असेल तर त्या वर्षीचा नियम शाळेत विचारूनच निवड करावी. दुसरे, उत्तीर्ण होण्यास ३३ गुण लागतात, हे धरून प्रत्येक विषयातील जे प्रकरण मुलाला पूर्ण समजले आहे ते आधी पक्के करून घ्यावे. शेवटच्या दोन महिन्यांत नवे प्रकरण उघडू नये.

खरी अडचण दहावीनंतर येते. अकरावी बहुतेकांना गुजराती किंवा इंग्रजीतून करावी लागते आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवण्याचे माध्यम इंग्रजी आहे. पास झालेले मूल अकरावीच्या पहिल्या सत्रात कोलमडते ते बहुतेक वेळा यामुळे. म्हणून मार्चमध्ये परीक्षा संपली की निकालाची वाट पाहत बसू नये. अकरावीची पुस्तके वरच्या वर्गातील कुणाकडून मागून आणावीत, प्रत्येक विषयाचा फक्त पहिला धडा घ्यावा आणि जोडवही उलटीकडून सुरू करावी : आता डावीकडे नव्या माध्यमाचा शब्द आणि उजवीकडे मराठी. आठवीच्या पहिल्या आठवड्यातला तपासणीचा कागद जपून ठेवला असेल, तर तेच उदाहरण याच सुट्टीत पाचव्या रूपात, म्हणजे नव्या माध्यमातून लिहून द्यावे आणि मूल आता कुठे अडते ते पाहून जूनपर्यंतचे काम ठरवावे.