अमेरिकन मिलिटरी पेन्शन आणि घटस्फोट: ऑर्डरमध्ये काय काय लिहून घ्यायचं

नवरा किंवा बायको अमेरिकन आर्मी-नेव्हीत आहे आणि घटस्फोट चाललाय, तर घर-गाडीच्या आधी पेन्शनकडे बघा. बऱ्याच केसेसमध्ये सगळ्यात मोठी रक्कम तीच असते आणि गोंधळही तिथेच होतो. १९८२ च्या फेडरल कायद्याने स्टेट कोर्टाला ही पेन्शन वाटायची परवानगी दिली, पण म्हणून अर्धी आपोआप तुमची होत नाही, किती मिळणार ते स्टेटचा कायदा आणि तुमची सेटलमेंट यावर ठरतं. केस कुठे चालवायची तेही नीट बघा, समोरचा फक्त पोस्टिंगमुळे तिथे राहतोय एवढं कारण पेन्शन वाटायला पुरत नाही.

लग्नाला १० वर्षं झाली नाहीत म्हणजे काहीच मिळत नाही, असं लोक छातीठोकपणे सांगतात. साफ चूक. १०/१० चा नियम फक्त पैसे कोण पाठवणार यापुरता आहे. लग्न किमान १० वर्षं टिकलं आणि त्याच काळात नोकरीचीही १० वर्षं भरली, तर डीफास म्हणजे मिलिटरीच्या पगार-पेन्शनचं ऑफिस थेट तुमच्या खात्यात पैसे टाकतं, नाहीतर तोच वाटा एक्सकडून दर महिन्याला घ्यावा लागतो, आणि तो कसा आणि कुठल्या तारखेला द्यायचा हे कोर्टाच्या घटस्फोटाच्या ऑर्डरमध्ये स्पष्ट पाहिजे.

हिशोब साधारण असा लावतात. नोकरी २४० महिने आणि त्यातले १८० महिने लग्नाचे, म्हणजे ७५ टक्के, त्याचं अर्धं ३७.५ टक्के. ठरावीक डॉलरपेक्षा टक्केवारीच घ्या असं मी ठामपणे सांगेन, कारण महागाईवाढ टक्केवारीवर लागू होते, फिक्स आकड्यावर नाही. एक्स अजून नोकरीत असेल तर २३ डिसेंबर २०१६ पासूनचा नियम लागतो, घटस्फोटाच्या दिवशीचा पगार आणि तोवरची सर्व्हिस धरायची, पुढच्या प्रमोशनचा फायदा तुम्हाला नाही. त्यामुळे त्या दिवशीचा हाय-थ्री, म्हणजे सगळ्यात जास्त बेसिक पे असलेल्या ३६ महिन्यांची सरासरी, आणि सर्व्हिसची वर्षं ऑर्डरमध्ये लिहिलेली पाहिजेतच, नाहीतर डीफास कागद परत पाठवतं.

डिसॅबिलिटीचं मात्र खरंच वाईट वाटतं. एक्सने पेन्शनचा काही भाग सोडून त्याऐवजी व्हीएची, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची डिसॅबिलिटी (अपंगत्वाची रक्कम) घेतली तर तो भाग वाटणीतून जातो, तुमचा चेक कमी होतो, आणि २०१७ च्या हॉवेल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की स्टेट कोर्ट ती भरपाई एक्सकडून वसूल करून देऊ शकत नाही. म्हणून ही शक्यता धरून पोटगीचं बोलणं सेटलमेंटच्या वेळीच करा, नंतर वकीलही फार काही करू शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक्स वारला की तुमचा पेन्शनचा वाटा त्याच्याबरोबरच बंद, मग ऑर्डरमध्ये कितीही टक्के असू देत. त्यानंतर काही मिळायचं असेल तर सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅनमध्ये तुमचं नाव फॉर्मर स्पाउस (आधीचा जोडीदार) म्हणून लागतं, त्यात ठरलेल्या बेस रकमेच्या, म्हणजे पेन्शनचा जो भाग या कव्हरसाठी धरलाय त्याच्या, ५५ टक्के मिळतात. हे कव्हर आधीच्या आणि नव्या जोडीदारात वाटता येत नाही, एकालाच मिळतं. ऑर्डरमध्ये कलम आहे म्हणून निवांत बसू नका, एक्स फॉर्म भरेल यावर विसंबूही नका. डीडी फॉर्म २६५६-१० तुम्ही स्वतः भरून ऑर्डरच्या सर्टिफाइड कॉपीसोबत पाठवा, ऑर्डरच्या तारखेपासून १ वर्षाच्या आत, ती मुदत गेली की हा मार्ग बंद. ५५ वर्षांच्या आधी पुन्हा लग्न केलंत तर हे कव्हर थांबतं, पेन्शनचा वाटा मात्र ऑर्डरमध्ये तसं लिहिलं नसेल तर चालूच राहतो.

थेट पेमेंटचा अर्ज वेगळा, डीडी फॉर्म २२९३. एक पाठवला की दुसरा झाला असं धरू नका, दोन्ही पाठवा आणि दोन्हीची पोच जपून ठेवा.