दुमजली घराचा पोलादी सांगाडा: भिंतीवर तुळई टेकवू नका

गोव्यात पोलादी घराचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच जागी. जुनी चिऱ्याची भिंत शाबूत असते, म्हणून फॅब्रिकेटर सुचवतो की तुळईचं एक टोक तिच्यात घुसवू आणि दुसऱ्या टोकालाच खांब देऊ, निम्म्या खांबांचे पैसे वाचतील. वाचतात खरे, पण दोन-तीन पावसाळ्यांनी तुळईच्या टोकाशी तिरकी भेग पडते आणि भिंतीत गाडलेलं टोक आतून गंजायला लागतं.

हा घोळ जुनाच आहे. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग (१८८५, अभियंता विल्यम ल बॅरन जेनी) पहिली गगनचुंबी म्हणून सांगितली जाते, पण तीही अर्धीमुर्धीच सांगाड्याची होती. दहा मजले, आत बिडाचे खांब, खालच्या मजल्यांना घडीव लोखंडाच्या तुळया आणि सहाव्या मजल्याच्या वर पोलादाच्या. तळातले ग्रॅनाइटचे खांब आणि शेजारच्या इमारतींकडच्या भिंती मात्र भार उचलतच होत्या. त्याच शहरात १८९१ साली पूर्ण झालेल्या १६ मजली मोनॅडनॉकच्या भार घेणाऱ्या विटांच्या भिंती तळाशी सुमारे १.८ मीटर जाड कराव्या लागल्या. तिथलीच रिलायन्स बिल्डिंग (१८९५) आली तेव्हा सगळा भार पोलादावर होता, भिंत म्हणजे नुसतं काच आणि टेराकोटाचं आवरण. तिच्या वरच्या दहा मजल्यांचं पोलाद १६ जुलै ते १ ऑगस्ट एवढ्यात चढलं.

भिंत आणि पोलाद यांचा स्वभाव वेगळा. भिंत भाराखाली हळूहळू दबते, सांध्यांतला चुना-सिमेंट आकसतो, तिचा पाया वेगळा बसतो. पोलादाचा खांब त्या मानाने जागचा हलत नाही. एकच तुळई दोघांवर टेकवली की फरकाची भरपाई तिच्या टोकाला होते. म्हणून सांगाडा पूर्ण करा, नाहीतर भार घेणारी चिऱ्याची भिंत पूर्ण करा. जुनी भिंत ठेवायचीच असेल तर तिच्या आतल्या बाजूने स्वतंत्र खांब स्वतंत्र पायावर घ्या.

आता हिशेब. ६ बाय ४ मीटरचे गाळे (चार खांबांमधली जागा) धरा. ४ मीटरच्या दुय्यम तुळया दर २ मीटरला टाकल्या, वर डेक शीटवरचा (नालीदार पोलादी पत्र्यावरचा) काँक्रीट स्लॅब, फरशी, हलक्या आडभिंती आणि राहत्या घराचा चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरला, तर तुळईच्या प्रत्येक मीटरवर साधारण दीड टन येतो. तिथे आयएसएमबी २०० (आय आकाराची प्रमाणित तुळई, २०० म्हणजे मिमीतली उंची; मीटरला सुमारे २५ किलो) पुरते. दोन्ही बाजूंनी भार घेणारी आतली ६ मीटरची मुख्य तुळई आयएसएमबी ३५० च्या आसपास जाते. हे आकडे कोटेशन तपासायला आहेत, बांधायला नाहीत. नकाशा आणि सांध्यांचे तपशील स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीचे हवेत. फॅब्रिकेटरने २०० च्या जागी १५० सुचवली तर नाही म्हणा: पूर्ण भाराखाली ती तुळई सुरक्षित राहत नाही, आणि इतकी वाकेल की फरशीचे सांधे उकलतील.

बाहेरच्या भिंतींचं वजन इथे विसरलं जातं. चिरा घनमीटरला दोन टन धरला तर २३ सेंमी जाड, ३ मीटर उंच भिंत मीटरला जवळजवळ १,४०० किलो होते. २० सेंमीच्या एएसी ब्लॉकची (हवेच्या बुडबुड्यांचं हलकं काँक्रीट) तेवढीच भिंत गिलाव्यासकट साडेपाचशेच्या आत बसते. वरच्या मजल्यावर चिऱ्याचा हट्ट असेल तर तो नकाशा काढण्याआधी सांगावा, स्लॅब पडल्यावर नव्हे.

पायाच्या बाबतीत शिकागो आणि गोव्यातली खाजन (खाडीकाठची सखल, बांध घातलेली) जमीन यांचं दुखणं सारखं: खाली मऊ चिकणमाती. तिथे आधी दगडांचे मनोरे रचत, त्यांनीच तळघर भरून जाई. १८८२ साली माँटॉक इमारतीसाठी वास्तुविशारद जॉन रूटने रेल्वेचे रूळ आडवे-उभे थरांत टाकून काँक्रीटमध्ये बुडवले आणि सुमारे ५० सेंमी जाडीची पसरट बैठक केली. भार रुंद पसरवायचा, हे तत्त्व आजही तेच. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) कडक जांभा लागला तर सुट्या फूटिंग (प्रत्येक खांबाची वेगळी बैठक) चालतात, पण खड्डा खणून थांबू नका. जांभ्याच्या खाली पांढरी-गुलाबी चिकणमाती किंवा पोकळी असू शकते. प्रत्येक खांबाच्या जागी पहारीने किंवा बोअरने खाली काय आहे ते पाहा. नदीकाठच्या खाजनात मातीची चाचणी केल्याशिवाय एक खड्डाही खणू नये, तिथे बहुधा पाइलच (जमिनीत खोल उतरवलेले खांब) लागतात.

पायातले अँकर बोल्ट (खांबाला पायाशी धरणारे, काँक्रीटमध्ये रोवलेले) हा सगळ्यात चिडचिडीचा भाग. प्रत्येक खांबाला किमान चार बोल्ट घ्या. दोनांवर उभा केलेला खांब धक्क्याने पडतो. बेसप्लेटची (खांबाच्या तळाच्या प्लेटची) भोकं जशी आहेत तशी १२ मिमी प्लायवूडच्या साच्यात पाडा, बोल्ट त्यात आवळा आणि काँक्रीट पडेपर्यंत साचा काढू नका. व्हायब्रेटर साच्याला टेकला की बोल्ट सरकतात. मग साइटवर गॅसकटरने भोक मोठं करतात आणि नट बसायला जागाच उरत नाही. बेसप्लेटची भोकं मुळातच थोडी सैल ठेवून वर जाड प्लेटवॉशर वापरणं बरं. पायाच्या माथ्यापासून प्लेटपर्यंत ४० मिमी मोकळं ठेवा, पत्र्याच्या पाचरींवर पातळी जुळवा आणि खांब ओळंब्यात आल्यावरच न आकसणारा ग्राउट (पातळ सिमेंटचं मिश्रण) भरा. एका बाजूनेच ओता, म्हणजे हवा दुसरीकडून निघून जाते. प्लेट जमिनीच्या वर किमान १५ सेंमी दिसली पाहिजे. मातीत पुरलेला खांब इथे टिकत नाही.

वेल्डिंग वर्कशॉपमध्ये, साइटवर फक्त बोल्ट: हा नियम कराराच्या कागदावरच लिहून घ्या. जुन्या इमारतींत रिव्हेट असत; एकजण भट्टीत तापवून फेके, दुसरा डब्यात झेले, तिसरा मागून दाब देई, चौथा हातोडा चालवी. थंड होताना रिव्हेट आकसून पत्रे घट्ट धरत असे. आज हे काम घट्ट आवळलेला ८.८ ग्रेडचा बोल्ट करतो. एम२० (२० मिमी व्यासाच्या) बोल्टला भोक २२ मिमी, दोन बोल्टमध्ये निदान ५० मिमी, मशीनने कापलेल्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत निदान ३३ मिमी. घर्षणाच्या सांध्यात (जिथे आवळलेल्या पत्र्यांमधलं घर्षण भार घेतं) बोल्ट आधी पाना जोर लावून थांबेल इतका आवळायचा, नट आणि बोल्टवर खडूची एक रेघ मारायची आणि नट अजून फिरवायचा. बोल्टची लांबी व्यासाच्या चौपटीपर्यंत असेल तर एक तृतीयांश फेरा, त्याहून जास्त आणि आठपटीपर्यंत अर्धा फेरा. रेघ फिरलेली दिसली नाही तर तो बोल्ट आवळलेलाच नाही. साइटवर वेल्ड टाळता येत नसेल तर ई७०१८ चे (कमी हायड्रोजनचे) वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजलेले आणि गरम डब्यात ठेवलेले हवेत. इथल्या दमट हवेत रात्रभर उघडा पडलेला रॉड ओलावा ओढतो आणि वेल्डखाली न दिसणाऱ्या भेगा देतो.

उभारणीत क्रम चुकवू नये. आधी ज्या गाळ्यात तिरके ब्रेस आहेत तो पूर्ण करायचा, मग बाकीचे त्याला जोडायचे. तोवर प्रत्येक खांबाला चारी बाजूंनी तारेचा दोर. पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, आणि अर्धवट सांगाड्याला वारा अडवायला ना स्लॅब असतो ना भिंत. ओळंबा वाऱ्यात डोलतो, त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवा. ३ मीटरच्या मजल्याला ६ मिमीपेक्षा जास्त कल दिसला तर बोल्ट आवळण्याआधी सुधारा, नंतर हलत नाही. खांबाचा जोड तुळईच्या सांध्यावर न घेता फरशीच्या वर अर्धा ते एक मीटरवर घ्या. रिलायन्सचे खांब दोन-दोन मजल्यांचे होते आणि शेजारच्या खांबांचे जोड वेगवेगळ्या मजल्यांवर, म्हणजे कमकुवत जागा एका पातळीत आल्या नाहीत. ब्रेस दोन्ही दिशांना हवेत आणि छपरापासून पायापर्यंत अखंड. नेमकी तिथेच कुणाला तरी खिडकी हवी असते. नाही म्हणा.

भिंती सगळ्यात शेवटी, आणि सांगाड्याला चिकटवून नव्हे. खांबाशी १० ते १२ मिमी फट, दर ६० सेंमीला गॅल्व्हनाइज्ड पट्टी. तुळईच्या खाली २० मिमी मोकळं, त्यात दबणारं फोम आणि वर सीलंट, शिवाय भिंत बाहेर कलू नये म्हणून क्लिप. त्या फटीत मिस्त्रीने सिमेंट कोंबलं तर वाकणारी तुळई भिंतीवर टेकते आणि आपण सुरुवातीलाच टाळलेली मिश्र रचना मागच्या दाराने घरात येते.

गंजाचं काम रंगाच्या डब्याने नाही, पृष्ठभागाने ठरतं. वर्कशॉपमध्ये वाळूफवारा मारून एसए अडीच दर्जापर्यंत (जवळजवळ उघडा धातू दिसेपर्यंत) साफ करून घ्या. तारेच्या ब्रशने घासलेल्या पोलादावर महागडा इपॉक्सीही सालीसारखा निघतो. मग झिंकयुक्त इपॉक्सी ७५ मायक्रॉन, अभ्रकी लोहऑक्साइडचा इपॉक्सी १२५, वर पॉलियुरेथेन ५०. समुद्राजवळ दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर मीठ रंगाखाली कोंडतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पोलाद दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम नसेल तर रंग लावू नये. जून ते सप्टेंबर असे दिवस फार कमी मिळतात, म्हणून पाया ऑक्टोबरात, सांगाडा डिसेंबर-जानेवारीत आणि शेवटचा हात मे संपण्याआधी, असं वेळापत्रक धरा. दोन चॅनेल (सी आकाराचे पोलादी गज) जोडून केलेल्या पेटीच्या खांबांना आतून रंग पोचत नाही, त्यांची दोन्ही टोकं प्लेट वेल्ड करून बंद करा.

आगीचं कुणी विचारत नाही. पोलाद सुमारे ५५० ते ६०० अंशांवर निम्मी ताकद गमावतं. १८७१ च्या आगीत शिकागोत उघडं लोखंड कसं वाकतं ते दिसलं, म्हणून पुढच्या इमारतींत खांब-तुळयांभोवती पोकळ भाजक्या मातीच्या टाइल्स बसवल्या गेल्या. स्वयंपाकघर, गॅस सिलिंडरची जागा आणि जिन्याजवळचे खांब तरी ५० मिमी काँक्रीटमध्ये किंवा आगरोधक जिप्सम बोर्डाच्या दोन थरांत बंद करा. बोर्डाआड ओल साचू नये म्हणून खाली फरशीपासून १० मिमी मोकळं ठेवून तिथे आगरोधक सीलंट भरा.