मोटर रिवाइंडिंगमध्ये हात कसा बसवायचा

आयटीआयचं सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे काम आलं असं नाही, हे दुकानात विहिरीवरच्या पंपाची पहिली जळकी मोटर आली की कळतंच. रिवाइंडिंग म्हणजे मोटरमधली जळकी तार काढून नवी भरणं. काम येतं ते रोज मोटरी उघडून, पण नुसत्या उघडून नाही, प्रत्येक मोटर का जळाली ते वहीत लिहून.

तर पहिलं म्हणजे छिन्नी-हातोडा लगेच उचलू नका. आधी स्टेटर, म्हणजे मोटरचा तार भरलेला न फिरणारा भाग, नीट बघा. स्टार कनेक्शनमध्ये (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसरीच्या जवळपास कोऱ्या असतील तर सिंगल फेजिंग झालंय, म्हणजे एक फेज तुटून मोटर उरलेल्या दोनवर चाललीय; डेल्टामध्ये (टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला) एकाच फेजच्या कॉइल जळतात. सगळीच वाइंडिंग सारखी काळी पडली असेल तर ओव्हरलोड, आणि एकाच ठिकाणी तार वितळून भोक पडलंय तर तिथे शॉर्ट. बेअरिंग हाताने फिरवा, रोटर (आतला फिरणारा भाग) घासलाय का बघा.

मग डाटा घ्या: स्लॉट (तार बसते त्या खाचा) किती, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर) काय, एका कॉइलला किती टर्न, कनेक्शन कसं. तारेचं इनॅमल काढून मगच मायक्रोमीटर लावा, आणि दोन तारा जोडीने भरल्यात का ते बघा, नवी पोरं हमखास इथेच फसतात. वर ती मोटर आधी कुणीतरी चुकीची भरलेली असू शकते, म्हणून तोच एचपी तोच मेक परत आला की वहीतला डाटा ताडून बघायचा, वर्षभरात ही वही कुठल्याही चार्टपेक्षा जास्त कामाची होते.

भरून झालं की आधी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन किती चांगलं ते मोजणारं मीटर) लावा, बॉडीला आणि फेज-फेजमध्येही. 1 मेगओहम ही अगदी कमीत कमी मर्यादा, नवी सुकलेली वाइंडिंग त्याच्या कितीतरी वर दाखवायला पाहिजे. कमी आलं तर ओल आहे, परत सुकवा, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.

जमलं तर मोटर बसवताना विहिरीवर जाच. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या, नेमप्लेटशी जुळवा, स्टार्टर उघडून बघा. बरेच जण रात्री दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर ओढतात, रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) डायरेक्ट केलेला, म्हणजे बाजूला टाकलेला असतो, तिथे तुम्ही सोन्याची तार भरली तरी मोटर परत येणार आणि नाव तुमचंच खराब होणार.

सुरुवात छोट्या मोनोब्लॉकने (पंप आणि मोटर एकत्र जोडलेला) करा, सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी) नंतर. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलमध्ये वाइंडिंग पाण्यातच असते, तार प्लास्टिक कोटिंगची, वार्निशचा संबंध नाही, म्हणजे सवय नव्याने लावावी लागते. आणि तिचा मेगर केबलवरून झिरो आला तरी लगेच मोटर खोलू नका, आधी जॉइंट कापून थेट मोटरच्या वायरवर घ्या, कितीदा तरी मोटर चांगली असते आणि पाणी जॉइंटमध्ये शिरलेलं असतं.